ग्राफिक्स कार्ड का थबकलं?

ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांच्या वासावरून ओळखू यायचा. आता ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटरच्या बंदिस्त इमारती उभ्या राहिल्या आहेत. पनवेलच्या ‘योट्टा’ केंद्रात २०२४ पासून एनव्हिडियाचे एच-१०० प्रोसेसर हजारोंच्या संख्येनं दाखल झाले. त्याच सुमारास ॲनिमेशन शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं विचारलं, “मामा, २०२१च्या आरटीएक्स ३०६० कार्डात बारा जीबी मेमरी होती, २०२३च्या ४०६०मध्ये आठच. हे उलटं कसं?”

प्रश्न रास्त होता. आठ जीबी तर २०१६च्या जीटीएक्स १०७०मध्येही होती, आणि २०२५च्या ५०६०मध्येही आठच आहे.

शंकरपाळ्यांची पोळी डोळ्यांसमोर आणा. चिपही अशाच एका गोल तबकडीतून कापतात. ३०६०ची चिप २७६ चौरस मिलिमीटरची होती, ४०६०ची १५९. चिप आक्रसली तशा मेमरीकडे जाणाऱ्या वाटाही सहाच्या चार झाल्या. प्रत्येक वाटेवर दोन जीबी, म्हणून बाराचे आठ! नवी तबकडी महाग असते. पूर्वी नव्या तंत्रासरशी ट्रान्झिस्टर स्वस्त होत, तो काळ सरला. म्हणजे सगळं खापर डेटा सेंटरवर फोडता येत नाही.

पण बरंचसं येतं. एच-१००ची चिप ८१४ चौरस मिलिमीटरची, म्हणजे ४०६०च्या पाचपट. ४०६०चं अख्खं कार्ड २९९ डॉलरना निघालं. एच-१००ची किंमत डॉलरांत पाच आकडी. दोन्ही तैवानच्या टीएसएमसीकडेच बनतात. कंपनीनं पोळी कुणासाठी लाटावी? जानेवारी २०२२ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला गेमिंगमधून साडेबारा अब्ज डॉलर मिळाले, डेटा सेंटरमधून साडेदहा. तीनच वर्षांनी गेमिंग अकरा अब्जांवर, डेटा सेंटर ११५! घरच्या स्वस्त कार्डात भरपूर मेमरी दिली, तर महागड्या कार्डांचं काही गिऱ्हाईक तिकडे वळेल, ही धास्तीही असावी असं मला वाटतं.

गंमत अशी, की २०१२ साली टोरांटोत ज्या ‘ॲलेक्सनेट’नं या लाटेची सुरुवात केली, ते जीटीएक्स ५८० या गेमिंगच्या दोन कार्डांवर शिकलं होतं. पनवेलच्या एच-१००ला मात्र पडदा जोडायची सोयच नाही.

आणि वरच्या टोकाला? २०२२च्या ४०९०ला ४५० वॉट लागत, २०२५च्या ५०९०ला ५७५. निर्मितीचं तंत्र जवळपास तेच राहिलं. वाढीव वेगाचा मोठा वाटा मोठ्या चिपनं आणि वाढत्या वीजबिलानं उचलला आहे.