गाठीमागें दोन आणे

कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ म्हणून जी पद्धत जगभर ओळखली जाते, तिचें नांव आपल्या शहरावरून पडलें, एवढें बहुतेक इंदूरकरांना ठाऊक असतें. केनियांतले कॉफीचे मळेवाले, इंग्लंडांतले बागवान, अमेरिकेंतले सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते या सर्वांच्या लिखाणांत इंदूरचा उल्लेख येतो. परंतु त्या संशोधनाला पैसा कोठून आला आणि तो कोणत्या अटींवर आला, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. खताच्या खड्ड्यांत काय काय टाकलें याच्याइतकीच ही चौकशी आम्हांला महत्त्वाची वाटते.

तो पैसा कापसाचा होता. १९२१ सालीं हिंदुस्थान सरकारनें मुंबईस मध्यवर्ती कापूस समिती नेमली. पुढें १९२३ च्या कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या व देशांतील गिरण्यांत लागणाऱ्या कापसावर पट्टी बसविली. दर ४०० पौंडांच्या गाठीमागें प्रथम चार आणे आणि मग दोन आणे. व्यापाऱ्यानें भरावयाची ती पट्टी अखेर शेतकऱ्याच्या भावांतूनच वजा होत असणार, हें उघड आहे. समितींत गिरणीवाले आणि व्यापारी यांचें वजन मोठें होतें. त्यांना पाहिजे होता लांब धाग्याचा, निर्भेळ कापूस. आपल्या पैशांतून खताचें शास्त्र निघावें, अशी कोणाची मागणी नव्हती.

अशा वेळीं आल्बर्ट हॉवर्ड इंदुरास आले. १९०५ पासून ते बिहारमधील पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनीं मिळून गव्हाचीं नवीं वाणें काढून नांव मिळविलें होतें. पण पुशाला त्यांचा जीव गुदमरला. तेथें बुरशीचें खातें निराळें, किडींचें निराळें, रसायनाचें निराळें. प्रत्येक खात्याचा अर्थसंकल्प वेगळा, आणि एकाच झाडाचीं पानें, मुळें व माती निरनिराळ्या टेबलांवर वाटलेलीं! हॉवर्डसाहेबांचें म्हणणें असें कीं, नुसत्या नव्या वाणानें उत्पन्न थोडेंच वाढतें. जमिनीचा कस वाढविला तरच त्या वाणाचें खरें चीज होतें. मात्र जमीन, पाणी, बैल आणि पीक हीं सर्व एकत्र पाहूं म्हणणाऱ्याला पुशाच्या व्यवस्थेंत जागा नव्हती.

ती जागा इंदुरांत मिळाली. १९२४ मध्यें, तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकीर्दींत, होळकर दरबारनें सुमारें ३०० एकर जमीन दिली. कापूस समितीनें अनुदान दिलें, मध्य हिंदुस्थानांतील आणखी कांहीं संस्थानांनीं आपापल्या वर्गण्या घातल्या, आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ उभी राहिली. आमच्या मतें सारी मेख येथें आहे. पैसा एकाच धन्याचा असता, तर त्यानें एकाच पिकाचा हिशेब मागितला असता. येथें पैशाचे धनी अनेक होते. समितीला कापूस हवा होता. संस्थानांना गहूं, ज्वारी, ऊंस, सारेंच हवें होतें. शिवाय हॉवर्ड हे संस्थानांचे शेतकी सल्लागारही होते. कापूस हें फेरपालटांतलें एक पीक आहे, तें एकटें सुधारत नाहीं, ही गोष्ट त्यांना दोन्हीं दारीं जाऊन सांगतां आली. दरबारच्या जमिनीवर ते आपल्या मर्जीनें नांगर धरूं शकत होते. माळव्याच्या काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी कसें तुंबतें, मुळें कशीं गुदमरतात, हें पाहावयास त्यांना कोणाची परवानगी लागली नाहीं.

त्यांतून कंपोस्ट निघालें. कपाशीच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घ्यावयाच्या, तण आणि पालापाचोळा जमवावयाचा, बैलांच्या पायांखालीं तो अंथरावयाचा, गोठ्यांतली मूत्र मुरलेली माती, शेण आणि राख यांचे थर द्यावयाचे, पाणी शिंपावयाचें, आणि तीन वेळां उलथापालथ करून तीन महिन्यांत काळेंभोर खत बाहेर काढावयाचें. मूळ कल्पना चिनी शेतकऱ्यांची. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ किंग यांच्या १९११ सालच्या पुस्तकानें ती हॉवर्डना दिली. परंतु तिला मोजमापाची शिस्त लावली ती इंदूरच्या प्रयोगशाळेनें. त्या कामांत हॉवर्डचे उजवे हात होते यशवंत वाड. १९३१ सालीं ऑक्सफर्डनें छापलेल्या मूळ पुस्तकावर दोघांचींही नांवें आहेत. ‘इंदूर पद्धत’ म्हणतांना हॉवर्डचें नांव घेणारे वाडांना मात्र विसरतात. निदान इंदूरच्या मराठी घरांनीं तरी विसरूं नये.

आतां या कथेची दुसरी बाजू. पद्धत जगभर गेली, पण ती कोणी उचलली? १९३३ च्या सुमारास केनियांतल्या कॉफीवाल्यांनीं, मग ठिकठिकाणच्या चहावाल्यांनीं. त्यांच्यापाशीं बारमाही मजूर होते, गुरें होतीं, भांडवल होतें. माळव्यांतल्या लहान कुणब्याच्या घरीं पऱ्हाट्या चुलींत जात आणि शेणाच्या गोवऱ्या होत, कारण सरपण नव्हतें. खत काय भावाचें आहे हें त्याला कोणी शिकवावयास नको होतें. त्याला भाकरी भाजावयाची होती. त्याला जळण कोठून द्यावें, हा प्रश्न कापसाच्या पट्टीच्या कक्षेंत येत नव्हता, आणि वाणांवर पोसलेल्या सरकारी शेतकी खात्याच्याही नाहीं. ज्याच्या भावांतून दोन आणे गेले, त्याच्या शेतापर्यंत विद्या पोंचविण्यासाठीं वेगळी थैली लागते. ती कोणी उघडलीच नाहीं.

गांधीजी १९३५ च्या एप्रिलमध्यें हिंदी साहित्य संमेलनासाठीं इंदुरास आले, तेव्हां आवर्जून ही संस्था पाहावयास गेले आणि नंतर ‘हरिजन’मधून त्यांनीं कंपोस्टचा पुरस्कार केला. त्या प्रचाराला कोणाचें अनुदान नव्हतें.

१९६५-६६ च्या सुमारास कापूस समिती मोडली आणि तिचें काम दिल्लीच्या कृषी अनुसंधान परिषदेकडे गेलें. संस्थेच्या आवारांत आज कृषी महाविद्यालय आहे. २०२३ सालीं देशानें कायद्यानें नवें राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापलें. पांच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करावयाचे, त्यांतला मोठा वाटा खाजगी क्षेत्रानें द्यावा, अशी त्याची योजना. त्यांत वाईट कांहीं नाहीं. गिरणीवाल्यांच्या पैशांतूनही कंपोस्ट निघालेंच कीं! पण तें निघालें तें दरबारच्या ३०० एकरांनीं शास्त्रज्ञाला मोकळीक दिली म्हणून. आज उद्योगपतींच्या शेजारीं ती दुसरी थैली कोणाची असेल, हें त्या प्रतिष्ठानाच्या चालकांना विचारावयास हवें.

जातां जातां एक गोष्ट. हॉवर्ड १९३१ सालीं निवृत्त होऊन विलायतेस गेले. वाड येथेंच राहिले. १९३४ मध्यें जॅक्सन यांच्यासह त्यांनीं एक पुस्तिका काढली. विषय होता शहरांतला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीनें कुजवून त्याचें सोनखत कसें करावें. २०१७ पासून सलग सात वर्षें स्वच्छतेंत देशांत पहिल्या आलेल्या या शहरांत त्या पुस्तिकेची एखादी प्रत कोणा जुन्या घराच्या माळ्यावर असेल, तर ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत पोंचती करावी.