डोकं शाबूत, तर स्टाइल!

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट ठाऊक आहे ना? थापटी घेऊन त्यांनी जमलेल्या संतांची डोकी तपासली. नामदेवांनी कुरकुर केली आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं! क्रिकेटचा चेंडू मात्र असा भेद करत नाही, राव. त्याच्यापुढे सगळीच मडकी कच्ची.

आपला संदीप पाटील आठवा. जानेवारी १९८१, सिडनी. डोक्यावर हेल्मेट नाही आणि लेन पॅस्कोचा बाउन्सर थेट कानावर. पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, पठ्ठ्या हेल्मेट घालून आला आणि १७४ ठोकले. स्टाइल कुठे कमी झाली? रमण लांबाला मात्र दुसरी संधी मिळाली नाही. १९९८मध्ये ढाक्यात तो शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभा राहिला आणि जिवानिशी गेला.

'माझं डोकं, माझी मर्जी' हे आइस हॉकीतही चालायचं. २०१३मध्ये एनएचएलनं नव्या खेळाडूंना व्हायजर सक्तीचा केला, जुन्यांना सूट दिली. क्रिकेटमध्ये आयसीसीची सक्ती आली १ जून २०२३पासून : वेगवान गोलंदाजी खेळताना, यष्टींजवळच्या कीपरला आणि बॅटसमोर जवळ उभ्या फिल्डरला.

हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नव्हे. २०१४मध्ये फिल ह्यूजला हेल्मेट असूनही मानेवर चेंडू लागला. पण म्हणून सीटबेल्ट कुणी काढून टाकतं का?

रविवारच्या ऑफिस मॅचला आयसीसी येणार नाही. तिथं नियम तुम्हीच करायचा. लेदर बॉल असेल, तर आधी जाळीचं हेल्मेट, मग गॉगल!