डोळ्यातला पडदा
बालमित्रांनो, तुमच्या आजोबांना मधुमेह आहे का? मग हे त्यांना वाचून दाखवा.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. त्याला म्हणतात दृष्टिपटल. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की त्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, झिरपतात, कधी फुटतात. दुखत मात्र काहीच नाही! म्हणून तर माणूस फसतो. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके, जाळी तरंगू लागली तर लगेच डॉक्टर गाठायचे.

हा पडदा बघायचे उपकरण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली जगापुढे आणले. नीट दिसत असले, तरी मधुमेह्यांना वर्षातून एकदा ही तपासणी हवीच. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात नि आत डोकावतात. त्या थेंबांनी काही तास अंधूक दिसते, तेव्हा आजोबांना हात धरून घरी आणायचे काम तुमचे!