नृत्यवस्त्रांची निगा

स्वारगेट येथील गणेश कला क्रीडा मंचावर एखाद्या शाळेचें स्नेहसंमेलन होतें, तेव्हां दिव्यांच्या झगमगाटांत जरीचे काठ व टिकल्यांचें काम पाहून प्रेक्षकांचे डोळे दिपून जातात. पडदा पडतो, टाळ्या थांबतात, मुलें घामानें भिजलेलीं तशींच घरीं जातात. आणि तीं वस्त्रें? तीं बोळा करून पिशवींत कोंबलीं जातात, व पुढील वर्षाच्या तालमीपर्यंत त्यांची कोणी आठवणहि काढीत नाहीं. नृत्याची तयारी महिनाभर चालते. नृत्यवस्त्राची निगा मात्र कोणी शिकवीत नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटलें.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. गोमंतकांत, विशेषतः सासष्टी तालुक्यांतील ख्रिस्ती घराण्यांच्या प्रशस्त दिवाणखान्यांत, एकोणिसाव्या शतकांत मांडो हा नृत्यप्रकार बहरास आला. स्त्रीपुरुषांच्या समोरासमोर रांगा, संथ लय, कोंकणी गीत, घुमट व व्हायोलिन यांची साथ, असें त्याचें रूप आहे. या नृत्यांत स्त्रिया तोडप-बाजू परिधान करतात. कमरेस गुंडाळावयाचें वस्त्र तें तोडप, व वरचा सैल अंगरखा तो बाजू. दोन्ही रेशमाचीं वा मखमलीचीं, वर सोनेरी भरतकाम. आमच्या परिचयाचें एक गोमंतकीय कुटुंब स्वारगेटनजीक राहतें. त्यांच्या नातीस शाळेच्या मांडो नृत्यासाठीं आजीचा तोडप-बाजू हवा होता. मोठ्या हौसेनें पत्र्याची ट्रंक उघडली. परंतु घडी उलगडूं लागतांच रेशीम घडीच्या रेघांवर तडकत गेलें! जर काळी पडली होती. काखेपाशीं पिवळे डाग होते. आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. “अगो बाये, मीं तर याला कोणास हातहि लावूं दिला नाहीं!” असें त्या म्हणाल्या. आणि खरोखर तेंच झालें होतें. कोणी हात लावला नाहीं, म्हणूनच तें वस्त्र गेलें.

असें कां व्हावें? घामांत क्षार व आम्ल असतें. तें धाग्यांत राहिलें म्हणजे रंग उडतो, रेशीम कुजतें. सरबताचा थेंब वाळल्यावर दिसत नाहीं. परंतु कांहीं महिन्यांनीं तेथेंच तपकिरी डाग उमटतो. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. हवेंतील गंधकयुक्त वायूनें चांदी काळी पडते. लोंकर व रबर यांतहि गंधक असतें. म्हणून जरीचें वस्त्र शालींबरोबर ठेवूं नये, किंवा त्यास रबरी बंद लावूं नये. घडी वर्षानुवर्षें एकाच जागीं राहिली, कीं तार व रेशीम तेथेंच तुटतात. याशिवाय रेशमाचा डिंक काढला म्हणजे त्याचें वजन सुमारें चतुर्थांश घटतें. तें भरून काढण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपांतील कारखानदार कथिलाचे क्षार त्यांत मुरवीत. असें रेशीम नेसतांना भारदस्त दिसे, पण पेटींत पडल्यापडल्या तडकत असे.

आतां उपाय पाहूं. नृत्य संपलें, कीं त्याच रात्रीं वस्त्र उलटें करून सावलींत, वाऱ्यावर पसरावें. उन्हांत घालूं नये, कारण उन्हानें रेशीम दुबळें होतें. टांचण्या तत्काळ काढाव्या, नाहीं तर गंजाचे डाग पडतात. सुती वस्त्र घरीं धुवावें. रेशमी व जरीचें वस्त्र, डाग जुना होण्यापूर्वींच, जाणत्या धुलाईवाल्याकडे द्यावें व डाग कशाचा आहे तें त्यास सांगावें. अत्तराचा फवारा जरीवर मारूं नये. इस्त्री करणें झाल्यास मध्यें सुती कापड घालून, उलट बाजूनें करावी. मखमलीवर तर ती मुळींच दाबूं नये, केवळ वाफ द्यावी.

ठेवतांना जुन्या, स्वच्छ, पांढऱ्या मलमलींत गुंडाळावें. प्लॅस्टिकच्या पिशवींत दमटपणा कोंडतो. घडींत मऊ कापडाच्या गुंडाळ्या घालाव्या, म्हणजे रेघ तीक्ष्ण होत नाहीं. दर तीन-चार महिन्यांनीं घडी बदलावी. पाश्चात्त्य जोडनृत्याचे मण्यांनीं जडलेले झगे खुंटीस टांगूं नयेत. मण्यांच्या वजनानें खांद्याची शिवण फाटते. ते आडवेच ठेवावे. घुंगुर वेगळ्या पिशवींत असावेत, कारण पितळेचा हिरवा कळंक कापडास लागतो.

कसर हा दुसरा शत्रु. तिला खळ फार आवडते, म्हणून खळ घातलेलें वस्त्र सांठवूं नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडींत बांधून ठेवावा. परंतु त्यानें कसर मरत नाहीं, म्हणून पेटी तपासणें हाच खरा बंदोबस्त. डांबराची गोळी ठेवल्यास ती जरीस लागूं देऊं नये, व तिची वाफ मुलांच्या श्वासांत जाऊं देऊं नये. पावसाळा सरून आश्विनांत हवा कोरडी झाली, कीं एके दिवशीं सर्व पेट्या उघडून वस्त्रांस वारा द्यावा. हें काम मुलांनीं आजीच्या हाताखालीं करावें. त्यांत वस्त्रांची ओळख होते, आणि घराचा इतिहासहि कळतो.

स्वारगेटपासून जवळच, शुक्रवार पेठेंत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनीं घरोघरच्या साध्या वस्तु, दिवे, अडकित्ते, वाद्यें, वस्त्रें, आयुष्यभर जमविलीं, व बालवयांत निवर्तलेल्या आपल्या राजा या पुत्राचें नांव त्या संग्रहास दिलें. ज्यांचें मोल इतरांस वाटलें नाहीं, त्या वस्तु एका माणसाच्या आस्थेनें वांचल्या. विद्यार्थ्यांनीं तो संग्रह एकदां तरी अवश्य पाहावा.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत ऐहिक संचयाचे शत्रु म्हणून कसर व जंग यांचाच निर्देश आहे. त्यांतील बोध लोभाविरुद्ध आहे, निष्काळजीपणाच्या बाजूचा नव्हे. कुलुपांत कोंडून ठेवणें म्हणजे जपणें नव्हे. उघडणें, पाहणें, वापरणें व पुन्हां नीट ठेवणें, हेंच जपणें होय. त्या आजीबाईंच्या वस्त्रांतील एक बोटभर भरतकाम तेवढें शाबूत निघालें. नातीनें तें मलमलीवर हलक्या हातानें बसविलें आहे, आणि दर आश्विनांत ती तें उघडून पाहते.