दुकानांची तपासणी आणि तिचे अहवाल : काही गैरसमज

शहरोशहरी आणि आता तालुक्याच्या गावांतूनही ज्या किराणामालाच्या साखळी-दुकानांचा पसारा वाढला आहे, त्यांत ठराविक मुदतीने तपासणी होत असते. तपासनीस चेकलिस्ट घेऊन येतो, फ्रीझरचे तापमान पाहतो, पाकिटांवरच्या तारखा वाचतो, वजनकाट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र मागतो, शेल्फवरची किंमत आणि बिलातली किंमत ताडून पाहतो, आणि सायंकाळपर्यंत ही सारी माहिती मुख्य कचेरीत दाखल होते. एवढे झाले की काम संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः जे पाहिले ते ज्याने त्यावर काही करावयाचे त्याच्यापर्यंत, त्याला उपयोगी पडेल अशा रूपात पोहोचले नाही, तर तपासणी अपुरीच राहिली असे मानले पाहिजे. आणि या उत्तरार्धासंबंधीच सर्वांत अधिक गैरसमज रूढ आहेत.

त्यांतला पहिला आणि सर्वांत दृढ गैरसमज असा की, एकच तक्ता दुकानाच्या व्यवस्थापकापासून संचालकांपर्यंत सर्वांना धाडला म्हणजे पारदर्शकता साधते. आपले महसुली दप्तर या बाबतीत फार शहाणे आहे. त्याच एका शेताविषयी गाव नमुना सात जमीन कोणाच्या कब्जात आहे व तिच्यावर कोणाचे हक्क आहेत ते सांगतो, नमुना बारा तीत कोणती पिके आहेत ते सांगतो, आणि आठ-अ हा खातेदाराच्या नावे गावात एकंदर किती जमीन आहे व तिचा आकार किती ते सांगतो. जमीन बदलत नाही, विचारणाऱ्याचा प्रश्न बदलतो, आणि त्या प्रश्नाप्रमाणे मांडणी बदलते. दुकानाच्या तपासणीचेही असेच आहे.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. समजा, एका शाखेतील दही-पनीरच्या चिलरचे तापमान ११ अंश सेल्सिअस भरले; अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार थंड ठेवावयाच्या अन्नासाठी ते ५ अंशांच्या वर जाता कामा नये. दाराचे रबर फाटलेले आहे, नवा माल पुढे आणि जुना मागे अशी उलटी रचना झाली आहे, आणि मागच्या ओळीतल्या दोन पाकिटांची मुदत संपून गेली आहे. शाखेच्या व्यवस्थापकाला हे त्याच दिवशी, आणि शक्य तर तपासनीस दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच, कळले पाहिजे. कोणता चिलर, कितवा कप्पा, कोणती पाकिटे, माल विक्रीतून काढून कोठे ठेवावयाचा, दुरुस्तीची तक्रार कोणाकडे नोंदवावयाची, एवढेच त्याला हवे असते, आणि इतर शाखांना किती गुण पडले हे त्याला त्या घटकेला सांगून काहीही साधत नाही. विभागाच्या व्यवस्थापकाचा प्रश्न वेगळा असतो : हे एका दाराचे रबर फाटले आहे, की एकाच वेळी बसविलेल्या सर्व चिलरची हीच गत झाली आहे? खरेदी विभागाला चिलरपेक्षा पाकिटांत स्वारस्य असावे, कारण पनीर शाखेत उतरते तेव्हाच त्याच्या मुदतीचे थोडेसे दिवस उरलेले असतील, किंवा खपापेक्षा मागणी जास्त नोंदवली जात असेल, तर दुकानातल्या नोकराला कितीही ताकीद दिली तरी मुदत संपलेला माल पुनःपुन्हा सापडणारच. दुकानात दिसणाऱ्या दोषाचे मूळ बरेचदा दुकानाबाहेर असते. म्हणून खरेदी विभागाला न पाठविलेला अहवाल हा माझ्या मते निम्मा अहवाल होय.

संचालकांना रबराची हकीकत नको असते, परंतु तिचा कायदेशीर अर्थ मात्र त्यांना ठाऊक असावाच लागतो. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २७ प्रमाणे मुदत उलटलेला खाद्यपदार्थ विकल्यास विक्रेता जबाबदार धरला जातो. आणि कलम ६६ अन्वये, अनेक शाखा असलेल्या कंपनीने शाखेसाठी अन्नसुरक्षेचा जबाबदार इसम नामनिर्देशित केला असेल, तर त्या शाखेतील उल्लंघनाचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते. तेव्हा संचालकांपुढील एका पानावर गंभीर दोष किती, किती शाखांत, किती दिवस दुरुस्तीविना पडून आहेत, आणि त्यांच्याकडून कोणती मंजुरी किंवा कोणता खर्च अपेक्षित आहे, एवढे आले म्हणजे पुरे. या सर्व कागदांत ११ हा आकडा मात्र ११च राहिला पाहिजे. वर जाता जाता त्याचे ‘तापमान किंचित अधिक’ असे रूपांतर होणे हा शिष्टाचार नसून नोंदीत केलेला फेरफार आहे.

दुसरा गैरसमज टक्केवारीविषयीचा. पन्नास मुद्द्यांच्या चेकलिस्टमध्ये ज्या शाखेचा चिलर बिघडला आहे तिचा केवळ तो एक मुद्दा गेला तर तिला ९८ टक्के गुण पडतात, आणि जिच्या फलकांवर धूळ आहे, नोकरांच्या गणवेशावर नावाची पट्टी नाही, ट्रॉल्या वाटेत उभ्या आहेत व पार्किंगची पाटी पडली आहे, तिला ९२ टक्के. तक्त्यात पहिली शाखा वर आणि दुसरी खाली दिसते. ग्राहकाच्या आरोग्याच्या दृष्टीने क्रम नेमका उलटा आहे. म्हणून प्राणाशी, आरोग्याशी अथवा कायद्याशी संबंध असलेले मुद्दे गुणांच्या बेरजेत मिसळू न देता स्वतंत्र मांडावेत, आणि त्यांपैकी एकही गेला तर बाकीचे गुण कितीही असोत, शाखा अनुत्तीर्ण धरावी, हाच मार्ग योग्य. वजनकाट्याची गोष्टही याच वर्गातली : वैधमापनाच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते, आणि ती मुदत चुकली तर ‘दोन गुण कमी’ ही त्याची भाषा होऊ शकत नाही. आवेष्टित वस्तू छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकली जात असल्याचे आढळले, तर तेही तसेच.

सरासरीचे तर याहून अधिक जपावे लागते. चाळीस शाखांची सरासरी ९० आहे, हे ऐकून कोणासही समाधान वाटेल. परंतु छत्तीस शाखांना प्रत्येकी ९५ आणि चौघींना प्रत्येकी ४५ मिळाले असले तरी सरासरी ९०च येते. वरिष्ठांनी सरासरी अवश्य मागावी, पण तिच्याबरोबर सर्वांत खालच्या शाखांची नावेही मागावीत.

‘दोष आढळला नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेणे ही तिसरी चूक, आणि ती जाणत्यांकडूनही होते. संख्याशास्त्रात एक साधा नियम आहे : मोठ्या साठ्यातून यदृच्छेने काही नग निवडून तपासले आणि त्यांत एकही दोष निघाला नाही, तर ९५ टक्के विश्वासाने फार तर एवढेच म्हणता येते की, दोषाचे प्रमाण तीन भागिले तपासलेले नग यापेक्षा जास्त नसावे. तीस पाकिटे निर्दोष निघाली तर उरलेल्या साठ्यात दहा टक्क्यांपर्यंत सदोष पाकिटे असण्यास वाव राहतो. तीनशे पाहिली तर एक टक्क्यापर्यंत. तेही निवड खरोखर यदृच्छेने झाली असेल तरच; हाताशी आलेली पुढची ओळ तपासून हा निष्कर्ष काढता येत नाही, कारण जुना माल मागेच राहिलेला असतो. याच जातीची दुसरी गफलत म्हणजे कुलूपबंद फ्रीझरसमोरचा रकाना कोरा राहतो आणि बेरीज करताना तो ‘ठीक’ म्हणून धरला जातो. ठीक, सदोष, लागू नाही आणि पाहिले नाही ही चार निरनिराळी उत्तरे आहेत, आणि त्यांतील शेवटच्या दोहोंना पूर्ण गुण देणे हा हिशेबाचा दोष आहे.

गेल्या खेपेस ९३ होते आणि आता ९० झाले, म्हणून शाखेच्या व्यवस्थापकाकडून लगेच कैफियत मागविण्याची जी प्रथा आहे, तिच्या मुळाशीही एक गैरसमज आहे. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली, ती नेमकी या प्रश्नावर : कोणत्याही कामाच्या मोजमापात काही चढउतार स्वाभाविक असतोच, आणि त्या मर्यादेबाहेर गेलेलाच आकडा विशेष कारण शोधण्याजोगा असतो. हेच शूहार्ट १९४७-४८ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले होते. म्हणजे हा विचार आपल्या देशाला नवा नाही. शाखेचे मागचे दहाबारा आकडे एका ओळीत मांडले तर तीन गुणांची घसरण हा नेहमीचाच हेलकावा आहे की खरी अधोगती, हे पुष्कळसे स्पष्ट होते. आणि तपासनीस बदलला असेल तर तेही त्या आकड्यापाशी नोंदवावे, कारण दोन डोळस माणसे तीच शाखा पाहून थोडे निराळे गुण देतात.

लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांचे तक्ते आणि छायाचित्रांचे ढीग यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. छायाचित्र शाखेच्या व्यवस्थापकाला अत्यंत उपयोगी, वरच्या पायरीवर एखाददुसरे पुरे.

तपासनिसांना आणि अहवाल तयार करणाऱ्या कचेरीला एक विनंती करावीशी वाटते. वाचणारा कोणीही असो, पहिल्या पानावर तपासणीची तारीख, एकूण शाखांपैकी किती पाहिल्या, प्रत्येकीत काय पाहावयाचे राहिले, आणि मागच्या खेपेच्या गंभीर दोषांपैकी किती अद्याप तसेच आहेत, या चार गोष्टी लिहाव्यात, आणि त्यांखाली मूळ नोंदीचा क्रमांक द्यावा, म्हणजे संचालकासही वाटले तर त्या फाटक्या रबरापर्यंत जाता येईल.