पोटातले पाहुणे, पोटातले भाडेकरू

वीकएण्ड संपवून ईटहून पुण्याला निघालात, की आई पिशवीत दह्याचा डबा कोंबतेच. आपला भूम तालुका फेमस खव्यासाठी. पण खवा आटताना दुधातले बहुतेक जिवाणू मरतात. दह्यात ते कोटींनी जिवंत असतात. प्रश्न एवढाच, पोटात गेल्यावर टिकतात किती?

बरेचसे चार दिवसांचे पाहुणे! मुक्काम वाढवायचा तर आतड्याच्या बुळबुळीत अस्तराला धरावं लागतं, एकमेकांना बिलगून थर जमवावा लागतो. हाच बायोफिल्म. सकाळी दातांवर जाणवणारा थर त्याचाच भाऊबंद.

ही पकड जनुकांत असते. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा प्रोबायोटिकमधला स्टार. त्याच्या स्पासीबीए जनुकांमुळे अंगावर केसांसारखे तंतू येतात, हे २००९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं. त्याच जातीच्या एलसी७०५ या वाणात ही जनुकं नाहीत; माणसाच्या पोटात तो लवकर संपला.

पण नुसता चिकटपणा कामाचा नाही, बॉस! जीजीचं वेलई जनुक बंद केलं, तर वरचा साखरेचा कोट जातो, तंतू उघडे पडतात आणि थर झकास जमतो. उंदरांच्या आतड्यात मात्र असा जिवाणू कमी टिकला. तो कोट म्हणजे चिलखतच होतं.

तेव्हा महागडी बाटली घेताना जातीच्या नावावर थांबू नका, पुढची वाणाची अक्षरं-आकडेही वाचा. आणि आईचं दही? ते रोज खा. पाहुणे रोज येत असतील, तर मुक्कामाची काळजी कशाला?