घोडा, चाप आणि पोलादी पट्टी

खंडेनवमीला नांदेड-लातूरकडच्या घरांत विळे, कोयते, कुऱ्हाडी धुऊन पाटावर मांडतात. घरात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असेल तर तेही शेजारी येते. हळद-कुंकू लागते, झेंडू वाहतात, लेकरे वाकून बघतात. माझी नजर मात्र आधी त्याच्या फिरत्या चक्रीकडे जाते. मागच्या फटीतून काडतुसांच्या पितळी कडा दिसतात का?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा याच्या पायात स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. कपाटात ठेवताना ते निसटून पडले, असे त्याने सांगितले. नुसते पडून गोळी सुटते? सुटू शकते. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो, दिवाळीतल्या टिकलीसारखा, ठोका बसला की पेटणारा. त्याला एका ज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरते. पाऊण किलोचे रिव्हॉल्व्हर मीटरभर उंचीवरून पडले तर सात ज्यूल घेऊन आदळते. जुन्या बनावटीत घोड्याचे, म्हणजे मागून ठोका देणाऱ्या हॅमरचे, टोक थेट प्रायमरवर टेकलेले असे. घोड्याची पाठ फरशीवर आपटली की झाले. म्हणून जाणती माणसे चक्रीतले घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवत, सहाच्या जागी पाचच गोळ्या भरत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जहाजाच्या पोलादी डेकवर स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर पडले आणि एक खलाशी मेला. मग कंपनीने घोड्याच्या आड आधीच्या पट्टीपेक्षा अधिक भरवशाची पट्टी बसवली. चाप ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. दुसरी युक्ती याच्या उलट आहे. घोडा प्रायमरपर्यंत पोचतच नाही. चाप ओढल्यावर मधली पट्टी वर येते आणि ठोका पुढे पोचवते. मला हीच अधिक पटते. पट्टी मोडली तर गोळी उडतच नाही.

गावठी कट्ट्यात यातले काही असेल असा भरवसा नाही. तो जवळ बाळगणारा गुन्हा तर करतोच, स्वतःच्या मांडीवरही नळी रोखून हिंडतो.

पडण्यापासून पट्टी वाचवते, बोटापासून नाही. ‘पिस्तूल साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी आपण किती वेळा वाचतो! पिस्तुलात चक्री नसते, गोळ्या मॅगझिनमध्ये असतात. अनेकदा ते मॅगझिन काढलेले असते, पण एक गोळी आधीच नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये चढलेली असते. क्रमही चुकतो. आधी वरची सरकती स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे खेचून चेंबर डोळ्यांनी बघायचे आणि बोटाने चाचपायचे. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकणारा जवान हे घोकून घोकून अंगात मुरवतो. घरी परवाना असणाऱ्याने तेवढेच मुरवायला हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची अट त्यासाठीच आहे.

यंदा पाट मांडण्याआधी लेकरांना बाहेर पाठवा. काडतुसे काढून, मोजून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. चक्री उजेडाकडे धरा. सहाही घरांतून पलीकडचा उजेड दिसला की मग कुंकू लावा.